५ई नियमांवर मराठी सेटिंग छापायचंय: लायसन्स, नावं आणि छपाई (बेळगाव-खानापूर)

यळ्ळूरचा_फासा

मंडळी, एक पुस्तिका काढुलालोय. नियम डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून टेबलावर खेळायचा भूमिकांचा खेळ) पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे ५ईचे, पण जग, म्हणजे सेटिंग, आपलं. कणकुंबीला मलप्रभा उगवते तिथून हलशीपर्यंतचा जंगलपट्टा, कदंबांच्या पडत्या काळातला. ए-५ आकार, आतली ४८ पानं, लेव्हल १ ते ३. २०० प्रती छापायच्या आणि पीडीएफ पण विकायची. अडलंय ते इथं:

१. एसआरडी (कंपनीने वापरायला मोकळा केलेला नियमांचा संच) ५.१ वर बांधू का ५.२ वर? का पुढची नवी पुस्तकं येईपर्यंत थांबू?
२. हलशीच्या बाजारात डी अँड डीतल्या वॉटरडीप शहराचा एक व्यापारी आणायचाय. चालतंय का?
३. कव्हरवर ‘डी अँड डी’ लिहावं का?
४. एका मराठी कादंबरीतलं एक शहर वापरायला लेखकांनी तोंडी हो म्हटलंय. तेवढ्यावर भागेल का?
५. मजकूर युनिकोडात आहे, प्रेसवाले श्रीलिपी (युनिकोडच्या आधीची फॉन्टपद्धत) मागुलालेत.

---

निपाणीकर_डीएम

पहिल्या तिन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. नियम मोकळे आहेत, नावं मोकळी नाहीत.

जानेवारी २०२३ मध्ये डी अँड डीची कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट हिच्या ओजीएल (ओपन गेम लायसन्स) १.१ चा मसुदा फुटला. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर धंदा असेल तर वरच्या रकमेवर २५ टक्के रॉयल्टी, आणि २००० सालापासून चालत आलेलं १.०ए रद्द. त्यावर एवढा दंगा झाला की २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि अख्खं एसआरडी ५.१ क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय ४.० (सीसी बीवाय, म्हणजे श्रेय द्या आणि वापरा) खाली देऊन टाकलं. हे लायसन्स परत घेता येत नाही, धंद्यासाठी चालतं, भाषांतराला चालतं, आणि रॉयल्टी शून्य. २०२४ च्या नव्या नियमांवरचं एसआरडी ५.२ एप्रिल २०२५ मध्ये त्याच लायसन्सखाली आलं.

आता ५.१ का ५.२? ५.१ मध्ये ॲकोलाइट ही एकच बॅकग्राउंड (पात्राची पार्श्वभूमी) आणि ग्रॅपलर हा एकच फीट (खास कसब) आहे. ५.२ मध्ये चार बॅकग्राउंड आहेत: ॲकोलाइट, क्रिमिनल, सेज, सोल्जर. शिवाय स्वतःची बॅकग्राउंड कशी रचायची तेही दिलंय, म्हणजे ‘घाटवाटेचा हमाल’ किंवा ‘देवळाचा गुरव’ तुम्ही नियमात बसवून करू शकता. पात्रांच्या वंशांतून हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क गेले, त्यांच्या जागी ऑर्क आणि गोलायथ आले. लढाईचं बजेट (किती ताकदीचे शत्रू सोडायचे ते) काढायचा तक्ता ५.१ मध्ये नव्हताच, ५.२ मध्ये आहे. तिसऱ्या लेव्हलच्या एका पात्रामागे कमी १५०, मध्यम २२५, जास्त ४०० एक्सपी (अनुभवाचे गुण). चार जणांना मध्यम लढाई म्हणजे ९००. तेवढ्यात ४५० चे दोन दरोडेखोर-नायक बसतात. पण तेवढ्यातच ५० चे अठरा लांडगेही बसतात, आणि घोळ इथे होतो. नव्या गणितात शत्रूंच्या संख्येचा गुणक काढून टाकलाय, त्यामुळे कागदावर दोन्ही लढाया सारख्या, पण अठरा लांडगे सोडलेत तर चौघांचा खेळ दुसऱ्या फेरीतच आटोपेल. शत्रू पात्रांच्या दुपटीच्या वर नेऊ नका.

तर ५.२ घ्या. दोन्हीतलं थोडं थोडं घेतलंत तर दोन्हींच्या श्रेयाच्या ओळी छापाव्या लागतील. कायद्याने चालतं, पण टेबलावर गोंधळ होतो. एकाच स्पेलचे (मंत्राचे) दोन पाठ फिरायला लागतात.

वॉटरडीप नको. ते फर्गॉटन रेल्म्स या कंपनीच्या जगातलं, एसआरडीत नाही. एसआरडीत नसलेलं प्रत्येक नाव दुसऱ्याच्या मालकीचं धरून चाला. बिहोल्डर, माइंड फ्लेअर, गिथयांकी, डिस्प्लेसर बीस्ट हे प्राणी जुन्या ओजीएलच्या यादीत ‘प्रॉडक्ट आयडेंटिटी’ म्हणून नावानिशी राखून ठेवलेले होते. स्पेलांचंही तसंच. पुस्तकात ‘मेल्फ्स ॲसिड ॲरो’ असतं, एसआरडीत नुसतं ‘ॲसिड ॲरो’. जादूगाराचं नाव गाळलं की स्पेल मोकळा. घरातलं पुस्तक उघडून टाइप करत बसाल तर नेमकं हेच हातून सुटतं. म्हणून पुस्तक बंद ठेवा आणि एसआरडीची पीडीएफ समोर ठेवून लिहा.

कव्हरवर खेळाचं नाव नको, लोगो तर नकोच. सीसी बीवाय ट्रेडमार्कचा हक्क देत नाही, तसं त्यातच लिहिलंय. पण एसआरडीच्या पहिल्या पानावर ‘फिफ्थ एडिशनशी सुसंगत’ किंवा ‘५ई सुसंगत’ असं म्हणायला मुभा आहे. तेवढंच घ्या. श्रेयाची इंग्रजी ओळ तिथूनच जशीच्या तशी उचला, तिचं भाषांतर करायला जाऊ नका. तिच्याखाली मराठीत एक वाक्य घाला: ‘मूळ मजकुराचं भाषांतर व त्यात बदल केले आहेत.’ बदल केल्याचं सांगणं ही लायसन्सची अट आहे, आणि बहुतेक पुस्तिकांत नेमकी तीच राहून जाते.

---

राकसकोप_तळं

वॉटरडीप एवढंच हवं असेल तर डीएम्स गिल्ड (डी अँड डीसाठी लिहिलेलं विकायचं संकेतस्थळ) आहे की. २०१६ पासून चालू आहे, तिथे फर्गॉटन रेल्म्स वापरायला अधिकृत मुभा आहे.

---

निपाणीकर_डीएम

आहे, पण किंमत बघा. विक्रीतले ५० टक्के तुमचे, उरलेले संकेतस्थळ आणि कंपनी वाटून घेतात. ते एकवेळ चालेल. पण तिथे टाकलेलं दुसरीकडे विकता येत नाही, म्हणजे खडेबाजारातल्या दुकानात २०० प्रती ठेवणं बाद. वर तुम्ही नव्याने रचलेली पात्रं आणि ठिकाणं त्या कार्यक्रमातल्या इतर लेखकांनाही वापरता येतात. एका व्यापाऱ्यापायी अख्खी हलशी गहाण टाकायची का? त्याला अरबी बंदरातून गोव्यामार्गे आणा. कदंबांचं गोवा बंदर होतंच, इतिहासातही बसतं.

---

घाटवाट

ओआरसी या दुसऱ्या मोकळ्या लायसन्सचा विषय कुणी काढला नाही अजून. पाथफाइंडर खेळाच्या पायझो कंपनीने पुढाकार घेतला आणि २०२३ मध्ये ते पक्कं झालं. पाथफाइंडरची रीमास्टर पुस्तकं, केऑसियमचं बेसिक रोलप्लेइंग ही त्यावर आहेत. सीसी बीवायशी फरक एवढाच की ओआरसीत तुम्ही नवा नियम घडवलात तर तो आपोआप पुढच्यांसाठी मोकळा होतो. गोष्ट, नावं, चित्रं मात्र राखीव राहतात. सीसी बीवायमध्ये तुमच्या भागावर असं बंधन नाही.

---

यळ्ळूरचा_फासा

म्हणजे सीसी बीवाय घेतलं तर माझं लिखाण पण सीसी होतंय असं नाही?

---

घाटवाट

नाही. एसआरडीतून घेतलेला भाग सीसी, तुमची हलशी तुमची. श्रेयपानावर दोन्ही वेगळं सांगा: अमुक पानांवरचे नियम सीसी बीवाय ४.०, बाकी मजकूर व चित्रं सर्व हक्क राखीव. हे सांगितलं नाही तर वाचणाऱ्याला वाटतं की सगळंच फुकट आहे.

नव्या पुस्तकांसाठी थांबण्यात अर्थ नाही. नवं पुस्तक आलं म्हणजे ते एसआरडीत येतं असं नसतं. २०२५ च्या शेवटी फर्गॉटन रेल्म्सची दोन पुस्तकं आली, एबेरॉन या दुसऱ्या जगाचं आर्टिफिसरवालं आलं. आर्टिफिसर हा क्लास (पात्राचा पेशा) म्हणून तुम्हाला मोकळा मिळालेला नाही. डॅगरहार्ट आणि ड्रॉ स्टील यांचीही स्वतःची लायसन्सं आहेत, दोन्ही खेळ २०२५ चे, पण अटी सीसीएवढ्या सैल नाहीत. कुठलाही नवा खेळ जाहीर झाला की ट्रेलरच्या आधी त्याचं लायसन्सचं पान उघडावं आणि चार गोष्टी बघाव्यात: परत घेता येतं का, छापील प्रतीला चालतं का, भाषांतराला चालतं का, आणि लायसन्स बदललं तर जुन्या प्रतींचं काय. चौथी गोष्ट लिहिलेली नसेल तर तो खेळ फक्त खेळायला घ्यावा, त्यावर पुस्तक बांधू नये.

---

कलम_१९

चौथ्या प्रश्नावर येतो. तोंडी होकाराला कायद्यात किंमत नाही. कॉपीराइट अधिनियम १९५७, कलम ३०: परवाना लेखी लागतो. कलम १९ मधल्या हस्तांतरणाच्या अटी कलम ३०ए मुळे परवान्यालाही लागू होतात, आणि कागदावर जे लिहायचं राहतं ते कायदा स्वतः भरतो. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर तो गेला. तुमची पीडीएफ परदेशातला मराठी माणूस विकत घेणार असेल तर ‘संपूर्ण जग’ हे दोन शब्द हवेतच.

कागद दोन पानांचा पुरे. त्यात कुठलं शहर आणि कुठली पात्रं ते नावं घेऊन लिहा. ‘कादंबरीतील विश्व’ असं मोघम नको. माध्यमं वेगवेगळी मांडा: छापील, पीडीएफ, ऑनलाइन टेबलावर चालणारी आवृत्ती. भाषा लिहा, कारण उद्या कन्नड आवृत्ती निघाली तर तो स्वतंत्र प्रश्न होईल. बेळगावात तो निघतोच. रॉयल्टी छापील किमतीवर की हातात आलेल्या रकमेवर, हे स्पष्ट करा. दुकानदाराचं कमिशन वजा होण्याआधी की नंतर, यावरूनच निम्मी भांडणं होतात. मजकूर लेखकांना दाखवायचा असेल तर १५ दिवसांत उत्तर आलं नाही की मंजूर, असं कलम घाला. नाहीतर पुस्तक त्यांच्या टेबलावर वर्षभर पडून राहील. त्या शहरासाठी तुम्ही रचलेली नवी पात्रं कुणाची, तेही आत्ताच ठरवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुदत संपल्यावर काय. मार्गारेट वाइस प्रॉडक्शन्सचं मार्व्हल हिरोइक हे खेळाचं पुस्तक २०१२ ला आलं, २०१३ ला लायसन्स संपलं, पीडीएफ विक्रीतून उतरल्या. आयसीई या कंपनीने १९८४ पासून टोल्किनच्या मिडल-अर्थचा खेळ काढला, १९९९ मध्ये हक्क गेले आणि त्यासोबत सगळी मालिका. म्हणून ‘मुदतीनंतर ६ महिने शिल्लक प्रती विकण्याची मुभा’ आणि ‘ज्यांनी पीडीएफ घेतली त्यांची प्रत कायम’ ही दोन वाक्यं घालाच. मंजुरीच्या भानगडी मोठ्या माणसांनाही चुकल्या नाहीत. डी अँड डीच्याच ड्रॅगनलान्स जगाच्या मूळ लेखकांनी ऑक्टोबर २०२० मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टवर दावा ठोकला होता, कादंबऱ्यांची मंजुरी थांबवली म्हणून. डिसेंबरमध्ये मागे घेतला.

कलम ५७ पण डोक्यात ठेवा. लेखकाने हक्क विकला तरी नाव लागण्याचा आणि कृतीची मोडतोड होऊ न देण्याचा त्याचा हक्क राहतो.

आणि चित्रकार. मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राबाबत कलम १७ मध्ये वेगळी तरतूद आहे. पण तुमचं शाईचं रेखाटन त्यात बसतं की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा एक पान लिहून सही घ्या. किती चित्रं, किती रुपये, पुस्तिकेसाठी आणि जाहिरातीसाठी, मूळ कागद कुणाकडे.

---

राकसकोप_तळं

टोल्किनचं मोकळं झालं की नाही? सारखं कोणीतरी विचारतंय.

---

कलम_१९

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, पुढच्या जानेवारीपासून मोजायची. टोल्किन १९७३ ला गेले, म्हणजे भारतात ३१ डिसेंबर २०३३ पर्यंत बंद. ७० वर्षांच्या देशांत २०४३. पीडीएफ जगभर विकणार असाल तर ‘हॉबिट’ शब्दाकडे वळूच नका, हाफलिंग वापरा. तोही एसआरडीत आहे. लव्हक्राफ्ट १९३७ ला गेले, हॉवर्ड १९३६ ला, त्यांच्या मूळ कथांवरचा भारतातला हक्क केव्हाच संपलाय. पण हॉवर्डच्या नायकाचं कोनन हे नाव ट्रेडमार्क म्हणून चालवलं जातं. कथा मोकळी आणि कव्हरवरचं नाव बांधलेलं, असं होऊ शकतं.

---

घाटवाट

आता भाषांतर. लायसन्सपेक्षा पुस्तिका बिघडते ती इथं.

पहिला खड्डा ‘राक्षस’. एसआरडीत रक्षासा नावाचा प्राणीच आहे, वाघाच्या तोंडाचा, हाताचे तळवे उलटे, चॅलेंज रेटिंग (ताकदीचा आकडा) १३. तुम्ही ऑगरला राक्षस म्हटलंत, जायंटला राक्षस म्हटलंत, आणि पुढे खरा राक्षस आला की डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) कळत नाही कुठला तक्ता काढायचा. राक्षस हा शब्द त्या एकालाच राखून ठेवा. ऑगरला ऑगरच म्हणा. नागाचंही तेच. गार्डियन नागा वेगळा आणि शेतातला नाग वेगळा.

दुसरा ‘लेव्हल’. पात्राची लेव्हल आणि स्पेलची लेव्हल दोन्हीला ‘पातळी’ लिहिलंत तर तिसऱ्या पातळीचा जादूगार तिसऱ्या पातळीचा मंत्र मागायला लागतो. मिळतो पाचव्या लेव्हलला. पात्राला ‘लेव्हल’, मंत्राला ‘श्रेणी’. सेव्हिंग थ्रो, ॲक्शन, बोनस ॲक्शन तसेच ठेवा, टेबलावर कोणी ‘कृती’ म्हणत नाही.

तिसरा, वाचून दाखवायचा मजकूर. इंग्रजीत ‘यू’ला लिंग नाही, मराठीत क्रियापदाला आहे. ‘तू दार उघडतोस’ लिहिलं की टेबलावरची मुलगी बाजूला पडते. सगळीकडे ‘तुम्हाला दिसतं’, ‘तुमच्या कानावर येतं’ अशी रचना करा.

भुतं भरपूर आहेत आणि मोकळी आहेत. वेताळ, मुंजा, हडळ, जखीण, खवीस, चकवा ही लोकांची मालमत्ता. मात्र कुणा लेखकाने छापलेली विशिष्ट गोष्ट उचलायची नाही. चकव्याला स्टॅट ब्लॉक (लढाईच्या आकड्यांचा तक्ता) देऊ नका, तो मारायचा प्राणी नाही. त्याला सापळ्यासारखा लिहा: रात्री रान ओलांडताना विज्डमचा सर्व्हायव्हल चेक, डीसी (फाशाने गाठायचा आकडा) १३, हुकला की नकाशावरच्या पुन्हा त्याच षटकोनात. दोनदा हुकला तर एक एक्झॉशन (थकवा).

चालत्याबोलत्या देवांना हात नको. यल्लम्मा, जोतिबा, खंडोबा यांना आर्मर क्लास (बचावाचा आकडा) देणारं पान उद्या मोबाइलवर फिरलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ (धार्मिक भावना दुखावणं) समजावत बसावं लागेल. देऊळ, जत्रा, पुजारी ठेवा, देव पडद्याआड.

---

यळ्ळूरचा_फासा

नकाशाला सहा मैलांचे षटकोन घेतलेत. बरोबर हाय नव्हं?

---

घाटवाट

बरोबर. सहा मैल म्हणजे साडेनऊ किलोमीटरच्या आसपास. साध्या चालीने दिवसाला २४ मैल, म्हणजे चार षटकोन. घाटात आणि दाट रानात संथ चाल धरा, १८ मैल, तीन षटकोन. बेळगाव-खानापूर साधारण तीन षटकोन बसतं, म्हणजे दिवस उतरायच्या आत पोचता येतं. पण नकाशात पाणलोट चुकवू नका. मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते, म्हादई भीमगडाकडून पश्चिमेला गोव्यात उतरते. लोकांनी नदी धरून चालायचं ठरवलं आणि दोन्ही नद्या एकाच दिशेला काढलेल्या असल्या तर कथा तिथेच फसते. बारापेडे गुहा घ्या, तिथली वटवाघळं दुर्मिळ आहेत, एसआरडीत वटवाघळांच्या थव्याचा तक्ता तयार आहे. गावाला जुनं नाव हवं असेल तर बेळगावचं वेणुग्राम आहे. कोणाचा ट्रेडमार्क नाही.

आणि नकाशावर आजच्या राज्याची हद्द काढू नका. धागा भलतीकडे जाईल, आणि तो खेळ आपल्याकडे गेली सत्तर वर्षं वेगळ्या नियमांनी चालुलालाय.

---

कागदकात्री

पाचवा माझा. श्रीलिपीत बदलून देऊ नका. कन्व्हर्टरमधून गेलं की ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं, ‘ॲक्शन’मधला ॲ उडतो. तुमच्या पुस्तिकेत दरी पण आहे आणि ॲक्शन पण, म्हणजे दर पानावर माती. प्रेसला फक्त पीडीएफ द्या, अक्षरं आउटलाइन (नुसत्या आकृत्या) केलेली. विकायची पीडीएफ मात्र वेगळी काढा, फॉन्ट एम्बेड करून (फाइलमध्येच घालून). आउटलाइनच्या पीडीएफमध्ये शोध चालत नाही आणि डीएमला शोध लागतोच.

इनडिझाइन असेल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करा, नाहीतर वेलांट्या सुट्या पडतात. जुन्या कोरलमध्ये युनिकोड मराठी टाकूच नका. फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सवाला घ्या, छापायला आणि विकायला चालतो, नुसता फॉन्ट विकायचा नाही एवढंच. तिरो देवनागरी मराठी घेतलात तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आपसूक येतात. दुसऱ्या काही फॉन्टांत भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय हिंदी वळण येतं. मजकूर ११ पॉइंट, तक्ते ९ च्या खाली नकोत.

४८ पानं म्हणजे १६ पानी तीन फर्मे (छापून घडी घातलेले मोठे कागद), हिशेब बरोबर बसलाय. ४६ किंवा ५० करू नका, सेंटर पिनला (मधोमध पिना मारून बांधणीला) पानं चाराच्या पटीतच लागतात. आत ८० जीएसएम मॅपलिथो, त्यावर पेन्सिलीने लिहिता येतं. आर्ट पेपर दिव्याखाली चमकतो, तक्ता वाचता येत नाही. कव्हर २५० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. १२ घड्या एकात एक गेल्या की मधली पानं मिलिमीटरभर बाहेर सरकतात आणि कटिंगला तेवढीच कापली जातात. म्हणून बाहेरचा समास १० मिमीच्या खाली नको, पान क्रमांक अगदी कडेला नको. ब्लीड (कापली जाणारी जादा छपाई) तिन्ही कडांना ३ मिमी.

काळा मजकूर नुसत्या काळ्यात ठेवा. आरजीबीचा (पडद्यावरच्या रंगांचा) काळा सीएमवायके (छपाईचे रंग) होताना चार शाईंचा होतो, आणि प्लेट केसभर हलली तरी अनुस्वाराला सावली येते. २०० प्रतींना ऑफसेटची प्लेट परवडत नाही, डिजिटल करा. आधी एक प्रत काढून दऱ्या, सुऱ्या, ॲक्शन, श्रेणी, विद्ध्वंस, मूर्ख हे शब्द शोधून बघा. हे बरोबर आले तर बाकी येतात.

---

कलम_१९

विध्वंस. एकच ध.

---

कागदकात्री

बघा, म्हणून तर नमुना प्रत काढायची.

---

निपाणीकर_डीएम

अजून दोन कागद. आयएसबीएन राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, ऑनलाइन अर्ज. छापील आणि पीडीएफला वेगवेगळा क्रमांक. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे छापून झाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. २०० मधून तेवढ्या आधीच बाजूला काढा. छापील पुस्तकाला जीएसटी नाही. पण सोबत फासे आणि पत्ते घालून डबा विकलात तर ते ‘पुस्तक’ राहत नाही, दर बदलतो. पहिल्या खेपेला नुसती पुस्तिका विका, फासे वेगळ्या बिलावर.

---

यळ्ळूरचा_फासा

झालं माझं. ५.२ घेतो, व्यापारी गोव्याच्या बंदरातून आणतो, लेखकांकडे कागद घेऊन जातो. एकच राहिलं. श्रेयाची इंग्रजी ओळ पहिल्या पानावर लागतीय का मागे चालतीय?

---

निपाणीकर_डीएम

मागे चालते. वाचता येईल अशा आकारात आणि पीडीएफमध्ये पण हवी. मागच्या कव्हरच्या आत घाला, तिथं कटिंगची भीती नाही.